कुरुळी ते कार्ले : लेण्यांची वाट आणि वाटाड्या

पुणे-नाशिक रस्त्यावरील कुरुळी या गावाचे नाव आज घेतले जाते ते कारखान्यांमुळे. एका अंगाला पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या अंगाला चाकण आणि मध्ये ही वस्ती. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आणि दूरच्या प्रांतांतून आलेली तरुण मुले येथे एकेका खोलीत दाटीवाटीने राहतात. पाळी सुटली की झोप, आणि झोप झाली की पाळी. या पट्ट्यालाही इतिहास आहे असे त्यांना सांगितले, तर फार तर चाकणच्या संग्रामदुर्गाकडे आणि १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्ताखानाशी दिलेल्या झुंजीकडे बोट दाखवले जाते. इतिहास म्हणजे किल्ला आणि किल्ला म्हणजे लढाई, हे समीकरण आपल्या शाळांनी इतके पक्के करून ठेवले आहे!

परंतु कुरुळीहून पश्चिमेकडे चालत निघाले, तर चार दिवसांच्या वाटेवर लेण्यांचे सहा डोंगर लागतात : भामचंद्र, भंडारा, शेलारवाडीचा घोरावडेश्वर, बेडसे, भाजे आणि कार्ले. आम्ही काही शिक्षक, विद्यार्थी आणि कारखान्यांत काम करणारे तरुण मिळून ही वाट चालतो. भाकरीचे गाठोडे, पाण्याची बाटली, एक विजेरी आणि लेण्यांतील लेखांची हाताने उतरवून घेतलेली वही, एवढाच जामानिमा. त्या पायपिटीचे वर्णन करणे हा या लेखाचा हेतू नाही. मला प्रश्न मांडावयाचा आहे तो वाटाड्याचा. डोंगरातील वाटाड्या केवळ पाऊलवाट दाखवीत नाही. कोठे थांबावे, काय पाहावे, कोणाचे नाव घ्यावे आणि कोणाचे घेऊ नये, हेही तोच ठरवीत असतो. तेव्हा या डोंगरांत आजवर आपला वाटाड्या कोण होता, आणि यापुढे तो कोण असावा?

या सहा डोंगरांवर आणि महाराष्ट्रातील इतरही लेण्यांत एक गोष्ट हमखास ऐकावयास मिळते. ही लेणी पांडवांनी वनवासात असताना एका रात्रीत कोरली आणि कोंबडा आरवला म्हणून काम अर्धे राहिले! गोष्ट सांगणारा म्हातारा गावकरी असतो, कधी पुण्याहून सहल घेऊन आलेला हौशी मार्गदर्शकही असतो. ऐकणारे हसतात आणि धबधब्याकडे वळतात. गोष्ट निरुपद्रवी वाटते, पण तशी ती नाही. तिच्यात बुद्धाचे नाव नाही हे तर खरेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तिच्यात श्रमच नाहीत. वर्षानुवर्षे चाललेले काम एका रात्रीत आटोपले, आणि हजारो हातांचे काम पाच राजपुत्रांच्या नावावर जमा झाले. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याचे काम झाले त्यांना तरी ही चोरी ओळखता आली पाहिजे.

तुकोबांचे डोंगर

पहिले दोन डोंगर, भामचंद्र आणि भंडारा, वारकरी परंपरेत तुकोबांच्या एकांतवासाचे म्हणून पूज्य आहेत. भामचंद्राच्या पायथ्यापर्यंत आता चाकणची औद्योगिक वसाहत येऊन भिडली आहे. डोंगराच्या पोटात मात्र तुकोबांच्या कितीतरी आधीच्या गुहा आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी हे पुण्यात राहून हा सारा मुलूख पायांखाली घालणारे अभ्यासक. त्यांनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात जुन्या वाटा, देवींची ठाणी, बौद्ध लेणी आणि तुकोबांचे डोंगर यांचा संबंध एकत्र मांडून दाखविला. माणसे ज्या वाटांनी चालत आली त्याच वाटांवर देव बसले, भिक्षू राहिले आणि संतही जाऊन बसले, हे त्यांच्या विवेचनाचे सार.

येथे आपल्या तरुणांची पहिली परीक्षा होते. लेणे बौद्ध आहे हे कळताच काहींना वाटते की तुकोबांचे नाव पुसले म्हणजे झाले. हा मार्ग आपला नव्हे. ज्याच्या गाथेच्या वह्या इंद्रायणीत बुडवावयास लावल्या असे परंपरा सांगते, तो देहूचा शूद्र कवी गावातील कटकटीपासून दूर जाऊन भिक्षूंच्या जुन्या गुहेत बसला, यात विसंगत असे काय आहे? आपण एवढेच म्हणावे की दोन्ही गोष्टी सांगा. ज्या दगडावर तुकोबा बसले तो दगड त्यांच्या आधी कोणासाठी तासला गेला होता, तेही सांगा.

शेलारवाडीची कुटुंबिनी

तळेगाव आणि देहूरोड यांच्या मध्ये, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून शेलारवाडीचा डोंगर आहे. लोक त्याला घोरावडेश्वर म्हणून ओळखतात. येथील चैत्यगृहात आज शिवलिंग आहे. मूळचा स्तूप काढून टाकून त्या जागी ते बसविण्यात आले. महाशिवरात्रीला येथे मोठी गर्दी होते. त्या गर्दीतील फार थोड्यांना ठाऊक असेल की या डोंगरातील एका लेण्यावर ब्राह्मी लिपीत एका बाईचे नाव कोरलेले आहे.

तिचे नाव सियगुतनिका. धेनुकाकट गावचा रहिवासी उसभणक याची ती बायको. नंद गृहपती या आपल्या मुलासह तिने हे लेणे दान दिले. लेखात नवऱ्याला ‘कुटुंबिक’ म्हटले आहे आणि त्यासोबत जो शब्द येतो त्याचा अर्थ अभ्यासकांनी ‘नांगर धरणारा’ असा लावला आहे. पुढे भाज्यालाही अशीच एक बाई भेटते. हालिकाची, म्हणजे नांगऱ्याची, बायको बाधा. तिचे दान तीन-चार शब्दांत नोंदलेले आहे.

आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या आजीचे माहेरचे नाव काय होते हे घरात कोणालाही सांगता येत नाही. म्हणून पहिल्यांदा हा लेख वाचला तेव्हा मला पांडवांचा विसर पडला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका नांगऱ्याच्या बायकोचे नाव तिच्या नवऱ्याच्या आणि मुलाच्या नावासह डोंगरावर शाबूत आहे. ते तेथे होतेच, वाचणारा नव्हता. जेम्स प्रिन्सेप याने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि १८८१ मध्ये जेम्स बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख छापून प्रसिद्ध केले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे ही नावे छापील पानावर आहेत. तरीही ती आपल्या पाठ्यपुस्तकात, गावच्या बोलण्यात आणि सहलीच्या वाटाड्याच्या तोंडी आली नाहीत. हा योगायोग मानावयाचा काय?

या डोंगरापासून देहूरोड जवळच आहे. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरची दीक्षा त्यानंतर दोन वर्षांनी झाली. ज्या डोंगरातील स्तूप नाहीसा झाला होता, त्याच्याच परिसरात तथागताची मूर्ती पुन्हा बसली. मात्र ही मूर्ती राजाच्या किंवा सावकाराच्या घरी बसली नाही. ती कष्टकरी वस्तीत बसली, हे विसरून चालणार नाही.

पाण्याची पोढी

बेडसे, भाजे आणि जुन्नर येथील लेखांत एक शब्द वारंवार येतो : ‘पोढी’. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. आजही डोंगरात चालून घसा कोरडा पडला की कोणीतरी टाक्याच्या काठावर बसकण मारतो. भाज्याची एक पोढी कोसिकीपुत्र विण्हुदत्त या महारठीने दिली. बेडशाची एक पोढी महाभोजाची मुलगी, महारठिनी सामडिनिका हिचे दान. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. चैत्य आणि विहार यांच्या बरोबरीने पाणी देणे हेही पुण्यकर्म मानले जात होते.

महाडजवळ गांधारपाले येथे लेणी आहेत. तेथील लेखात कुमार काणभोज व्हेणुपालित याने चैत्यगृह व खोल्या यांबरोबर लेण्याच्या दोन्ही अंगांना एकेक पोढी दिल्याची नोंद आहे. त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावावयास गेली आणि त्यांच्यावर काठ्या पडल्या. डोंगरावर पाणी दान देण्याचा लेख आणि डोंगराखाली पाणी नाकारणारे गाव. आपल्या इतिहासाचा प्रश्न या दोन टोकांमध्ये आहे. ही दरी कशी पडली, केव्हा पडली आणि कोणी पाडली? बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘दि अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या सुमारास झाला असे प्रतिपादन केले. सह्याद्रीतील हे बहुतेक लेख त्याच्या आधीचे आहेत. म्हणूनच आपल्या दृष्टीने ते केवळ पुरातत्त्वाचा विषय ठरत नाहीत, तर साक्षीपुरावा ठरतात.

आणि अवशेष पाहावयास जाणे ही आपल्या चळवळीत हौसेची बाब कधीच नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेनंतर बाबासाहेब सहकाऱ्यांना घेऊन तेथील बौद्धकालीन अवशेष पाहावयास गेले. चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे की भिक्षू ज्यांवर बसले असतील त्या दगडी आसनांवर बाबासाहेबांनी कोणालाही बसू दिले नाही. त्यानंतर १९३४ मध्ये सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याबाहेर धुळीने माखलेल्या या मंडळींनी हौदाच्या पाण्याने तोंडे धुतली, आणि हौद बाटविला म्हणून गर्दी अंगावर धावून आली. येथे ओरडणारे लोक मुसलमान होते. अस्पृश्यता ही धर्माच्या कुंपणापाशी थांबत नाही, हा बोध बाबासाहेबांनी या प्रसंगातून काढला. अखेर किल्ल्यात जाऊ दिले ते एका अटीवर, आत कोठेही पाण्याला शिवावयाचे नाही. आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला गेला. आपल्या माणसांना मिळालेला हा वाटाड्या! तो वाट दाखवीत नव्हता, हातांवर नजर ठेवीत होता.

कार्ले : नावे कोणाची

चौथ्या दिवशी कार्ल्याची चढण. लेण्याच्या तोंडाशी एकवीरा देवीचे देऊळ, नवसाला आलेली कोळी-आगरी माणसे, कोंबडी आणि हळद-कुंकू. आणि त्यामागे भारतातील सर्वांत मोठे शैलचैत्य. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद, आणि उंचीही जवळपास तेवढीच. कारखान्यात माप घेणाऱ्या आमच्या एका सोबत्याने तेथल्या तेथे गुणाकार केला. सरळ आकडा अडीच लाख घनफुटांवर जातो. छताची कमान, ३७ खांब आणि स्तूप वजा केला, तरी लाखाहून अधिक घनफूट पाषाण छिन्नीने फोडून बाहेर काढला गेला. हे एका रात्रीचे काम नव्हे.

हे कोणी केले, याचे उत्तर भिंतीवर आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेले आणि जंबुद्वीपात याहून उत्तम नाही असा अभिमान कोरून ठेवला. खांब अनेकांनी दिले. त्यांत सिहधय, धम्म असे धेनुकाकटचे यवन आहेत. कोडी नावाची भिक्षुणी, घुणिकाची आई, हिने वेदिका दिली. दाराच्या कामाशी वेणुवासाचा मुलगा सामी याचे नाव निगडित आहे आणि त्याच्या नावामागे ‘वढकी’, म्हणजे सुतार, असा त्याचा धंदा सांगितलेला आहे. आणि कोडीच्या वेदिकेच्या लेखात शेवटी दोन शब्द येतात : ‘नाडिकेन कत’. नाडिकाने केली. दान कोणी दिले हे सांगून झाल्यावर काम कोणी केले हेही सांगितले गेले! राजमाचीखालच्या कोंडाणे लेण्यातही असाच एक लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असे तो सांगतो.

परंतु येथेच आपण थांबलो तर आपणही एक गोड गोष्ट रचू. पांडवांच्या जागी श्रेष्ठी आणि सुतार बसवू आणि समाधान मानू. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी दोन पावले टाकली पाहिजेत.

पहिले असे की ज्यांच्याजवळ देण्यासारखे काही होते त्यांचीच नावे येथे बहुतांशी आहेत. सियगुतनिकेचा नवरा नांगर धरीत असेल, पण मुलगा गृहपती होता. लेणे दान देणारे घर भूमिहीन नसते. लाखभर घनफूट दगड फोडणाऱ्यांपैकी नाव उरले ते एखाद्या नाडिकाचे, एखाद्या बलकाचे. बाकीचे हात निनावी गेले. दुसरे असे की क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलुरक येथील, म्हणजे कार्ल्याच्या, भिक्षुसंघाला करजिक नावाचे गाव दिले. दानात गाव दिले म्हणजे काय दिले? त्या गावाच्या शेतीचे उत्पन्न दिले. अशा दानलेखांत राजाचे शिपाई त्या जमिनीत शिरणार नाहीत, तेथे मिठासाठी खणणार नाहीत, अशा सवलती संघाला दिलेल्या असतात. पण त्या गावात राबणाऱ्या माणसाला काय मिळाले, हे ते लेख सांगत नाहीत. संघाची करुणा खरी होती आणि संघाच्या कोठारात येणारे धान्यही खरे होते. ही दोन्ही सत्ये एकाच वेळी पेलण्याची ताकद आपल्या विचारात असली पाहिजे. ज्याने आपल्याला तपासून मग स्वीकारावयास शिकविले, त्या बुद्धाचे नाव घेणाऱ्यांना याची भीती वाटू नये.

आणखी एक मोह टाळला पाहिजे. जुन्नरच्या लेखांत वेळू काम करणाऱ्या वंसकारांची आणि कासारांची श्रेणी येते. त्यांच्याकडे दानाची गुंतवणूक ठेवल्याची नोंद आहे. नाशिकच्या लेखात उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे २००० आणि १००० कार्षापणे ठेवली आणि व्याजातून भिक्षूंची सोय केली. हे वाचून लगेच ‘ते आमच्याच जातीचे’ असे म्हणण्याचा उत्साह येतो. पण लेखात धंदा आहे, गाव आहे, बापाचे आणि मुलाचे नाव आहे, आजच्या अर्थाने जात नाही. तेथे जात नेऊन चिकटविणे म्हणजे जे आपल्याला मोडावयाचे आहे तेच दोन हजार वर्षे मागे नेऊन बसविणे. या नोंदींचे मोल निराळे आहे. वेळू विणणाऱ्यांची संघटना एवढी विश्वासार्ह मानली जात होती की कायमचे दान तिच्या हाती सोपविले जाई. पुढे याच धंद्याच्या माणसाला गावाच्या कडेला लोटले गेले. धंदा तोच, हात तेच, मग मान कोठे गेला? हा प्रश्न जातीच्या अभिमानाहून अधिक धारदार आहे.

आपला वाटाड्या

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या वाटेवर आपल्याला कसा वाटाड्या हवा?

पहिली गोष्ट, त्याला अक्षरे वाचता आली पाहिजेत. अलीकडे ठिकठिकाणी तरुण मंडळी ब्राह्मी अर्थात धम्मलिपी शिकू लागली आहेत, ही फार मोलाची घटना आहे. मुळाक्षरे थोड्या दिवसांत येतात. ज्यांना अक्षर नाकारले गेले होते त्यांच्या नातवंडांनी या देशातील सर्वांत जुन्या लिपींपैकी एक हाताळावी, यासारखे उत्तर नाही. आमच्यासोबत कुरुळीहून येणारा, यंत्रावर बारा-बारा तास उभा राहणारा मुलगा शेलारवाडीच्या भिंतीवर बोट न टेकवता एकेक अक्षर लावतो, तेव्हा त्याला कोणी इतिहासाचे प्रमाणपत्र देण्याची गरज राहात नाही.

दुसरी गोष्ट, त्याने जे आहे ते सांगावे आणि जेथे नाव नाही तेथे ‘नाव नाही’ असेही सांगावे. देवळात आलेल्या कोळणीशी, वारकऱ्याशी भांडण उकरून काढू नये. तिच्या देवीच्या पाठीमागे काय आहे ते तिलाही दाखवावे. ती बाई पाहते, ऐकते, आणि सामी सुतार म्हटले की हसून मान डोलावते. तिच्याही घरात कोणी सुतारकाम करतेच ना!

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. डोंगर उतरल्यावरही त्याचे काम संपत नाही. कुरुळी-चाकणच्या या पट्ट्यात आज किती माणसे कंत्राटावर राबतात, हातात येईल तो गेटपास घेऊन आत जातात आणि कंत्राट संपले की कोणत्याही नोंदवहीत न उरता निघून जातात. त्यांनी घडवलेली वस्तू जगभर फिरते, तिच्यावर नाव कंपनीचे असते. आपल्या काळाची कार्ली अशी उभी राहात आहेत. येथेही कोणी तरी उद्या म्हणेल की हे सारे एका उद्योगपतीने, एका सरकारने, एका रात्रीत केले. तेव्हा त्याला खोडून काढण्यासाठी नावे लागतील. तीही आजच लिहून ठेवली पाहिजेत : कोण कोठून आला, कोणत्या यंत्रावर उभा राहिला, किती वर्षे, कोणाचे बोट गेले, कोणाच्या बायकोने खोलीवर शिलाई करून घर चालविले. हे काम विद्यापीठ आपल्यासाठी करील, अशी वाट पाहू नये. आपल्या विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी आणि कामगार कार्यकर्त्यांनी वही घेऊन खोल्या-खोल्यांतून बसावे.

नाडिकाने आपले नाव कोणाला विचारून कोरले, हे भिंत सांगत नाही. दान देणाऱ्या भिक्षुणीने ते कोरू दिले, एवढे मात्र भिंतीवर दिसते. राबणाऱ्याचे नाव लिहू देणारा समाज या डोंगरांत, अपुरा का होईना, एकदा होऊन गेला. तो पुन्हा उभा करावयाचा तर आरंभ नावे वाचण्यापासून आणि नावे लिहिण्यापासून करावा लागेल.